सॉफ्टवेअर टेस्टिंगची नोकरी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोळा वर्षांपूर्वी मी पुण्यात टेस्टर म्हणून लागले. आधी एक सेवा कंपनी (दुसऱ्यांसाठी सॉफ्टवेअर करून देणारी), मधली दोन वर्षं घरी, मग एक मोठी उत्पादन कंपनी (स्वतःचं सॉफ्टवेअर बनवून विकणारी). दरवर्षी निकाल लागले की ओळखीतल्यांच्या मुलामुलींचे फोन सुरू होतात, आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. फोनवर दहा मिनिटांत जे धड सांगता येत नाही ते इथे सविस्तर लिहिलं आहे.

टेस्टर नेमकं काय करतो? बटणं दाबून बघतो, एवढंच ना?

बटणं दाबतोच. पण कोणतं बटण, कधी आणि कोणत्या अवस्थेत दाबायचं हे ठरवण्यात सगळं काम आहे.

पैसे पाठवायचं एखादं ॲप घ्या. रक्कम टाकली, पिन टाकला, पैसे गेले, पावती आली. हा सरळ रस्ता झाला, आणि तो डेव्हलपरने स्वतः तपासलेला असतो. टेस्टरचे प्रश्न त्यानंतर सुरू होतात. पिन टाकला आणि नेमकी त्याच वेळी गाडी खंडाळ्याच्या बोगद्यात शिरून नेटवर्क गेलं तर? खात्यातून पैसे वजा झाले पण समोरच्याला पोचले नाहीत, तर स्क्रीनवर काय दिसेल? माणूस घाबरून पुन्हा 'पाठवा' दाबेल, मग पैसे दोनदा जातील का? रोजची मर्यादा रात्री बाराला बदलते, तर ११:५९ ला सुरू झालेला व्यवहार कोणत्या दिवसात मोजायचा? खात्यात नेमकी तेवढीच रक्कम असेल तर?

असे प्रश्न काढायचे, वेळ कधीच पुरत नाही म्हणून त्यांतले महत्त्वाचे निवडायचे, ते करून पाहायचे, आणि जे दिसलं ते लिहायचं. काय तपासलं आणि काय सापडलं हे सगळेच सांगतात. काय तपासायचं राहिलं हे न विचारता सांगणारे फार थोडे. माझ्या अनुभवात चांगल्या टेस्टरची ओळख तिथेच पटते.

क्यूए आणि टेस्टिंग एकच का?

काटेकोर अर्थाने नाही. तयार झालेलं सॉफ्टवेअर तपासणं म्हणजे टेस्टिंग. ते मुळात सदोष होऊच नये म्हणून कामाची पद्धत नीट लावणं म्हणजे क्वालिटी ॲश्युरन्स, क्यूए. रोजच्या बोलण्यात मात्र 'क्यूएला दिलं का?', 'क्यूएकडून आलं का?' असंच चालतं. पदाचं नाव काहीही असो, कामाचं वर्णन वाचून अर्ज करा.

चुकीला 'बग' का म्हणतात?

९ सप्टेंबर १९४७ ला हार्वर्डच्या मार्क २ या संगणकाच्या एका रिलेत (विजेवर चालणाऱ्या स्विचमध्ये) पतंग जातीचा किडा अडकलेला सापडला. तिथल्या लोकांनी तो नोंदवहीत चिकटपट्टीने चिकटवून शेजारी लिहिलं, की खराखुरा बग (इंग्रजीत बग म्हणजे किडा) सापडल्याची ही पहिलीच वेळ. ती वही आज अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संग्रहालयाकडे आहे. शब्द त्याआधीचा आहे. एडिसनने १८७८ मधल्या एका पत्रात यंत्रांतल्या अडचणींसाठी तो वापरला होता. मला त्या पानात आवडते ती त्यांची सवय: तारीख, वेळ, रिलेचा क्रमांक आणि पुरावा, सगळं एकाच जागी.

मोठ्या कंपनीत दिवस कसा जातो?

सकाळी आल्या आल्या रात्रीच्या रिग्रेशनचा निकाल बघायचा. आधी चालत असलेलं काही नव्या बदलामुळे मोडलं का, हे पाहण्यासाठी रात्रभर हजारो चाचण्या आपोआप चालतात. समजा त्यांतल्या चाळीस लाल, म्हणजे फेल, दिसतात. त्या चाळिसांची छाननी हे सकाळचं पहिलं काम. काही खरे बग असतात, काही वेळा टेस्टचं एन्व्हायर्नमेंटच (चाचणीसाठी उभारलेली वेगळी यंत्रणा) पडलेलं असतं, आणि काही चाचण्या स्वतःच बेभरवशाच्या असतात: कोडमध्ये काहीही न बदलता आज पास, उद्या फेल. त्यांना 'फ्लेकी' म्हणतात. गूगलने २०१६ मध्ये जाहीरपणे सांगितलं होतं, की त्यांच्याकडच्या जवळजवळ १६ टक्के चाचण्यांत कमी-जास्त प्रमाणात हा दोष आहे. तेव्हा तुमच्या टीममध्ये फ्लेकी टेस्ट दिसल्या तर खचून जाऊ नका, पण त्यांची सवयही लावून घेऊ नका. 'ती नेहमीच फेल होते' असं म्हणत लाल खुणेकडे दुर्लक्ष करायला लागलो, की एक दिवस त्याच खुणेआड खरा बग निघून जातो.

आमच्याकडे एक चाचणी पुण्यातून रात्री चालवली की फेल व्हायची आणि दिवसा पास. महिनाभर सगळे तिला फ्लेकी समजत होते. शेवटी कळलं, की सर्व्हर यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, चालतो आणि भारताचं घड्याळ त्याच्या साडेपाच तास पुढे. म्हणजे मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंत आपल्याकडे नवी तारीख आणि सर्व्हरवर आदली. बग चाचणीत नव्हताच, उत्पादनात होता. रात्री दोन वाजता ऑर्डर देणाऱ्याच्या पावतीवर कालची तारीख छापली जात होती.

त्यानंतर स्टँडअप, म्हणजे टीमची रोजची छोटी बैठक. मग नव्या फीचरची आवश्यकता समजून घेण्याची बैठक. माझ्या मते टेस्टरचं सगळ्यात स्वस्त आणि मोलाचं काम याच बैठकीत होतं. 'ग्राहकाने ऑर्डर रद्द केली आणि तोवर ती गाडीत भरली गेली असेल तर?' हा प्रश्न कोड लिहिण्याआधी विचारला तर एक वाक्य बदलावं लागतं. रिलीजच्या आदल्या दिवशी विचारला तर पाच जणांची रात्र जाते.

दुपार प्रत्यक्ष तपासणीची, टेस्ट डेटा तयार करण्याची, आणि एन्व्हायर्नमेंट सुरू व्हायची वाट बघण्याचीही. ही वाट बघणं कोणत्याही मुलाखतीत कोणी सांगत नाही, म्हणून मी सांगते.

बग रिपोर्ट कसा लिहायचा?

'पेमेंट चालत नाही' हा रिपोर्ट नव्हे. 'खात्यातली शिल्लक आणि पाठवायची रक्कम सारखीच असेल, तर पाठवा दाबल्यावर ॲप बंद पडतं, मात्र पैसे वजा होतात' हा रिपोर्टचा मथळा. खाली कोणता बिल्ड (सॉफ्टवेअरची नेमकी कोणती आवृत्ती), कोणता फोन, कोणत्या पायऱ्यांनी तिथे पोचलात, काय व्हायला हवं होतं, काय झालं, दहापैकी किती वेळा झालं, आणि लॉग (सॉफ्टवेअरने स्वतः ठेवलेली नोंद) किंवा स्क्रीनचं रेकॉर्डिंग. ज्याने ते फीचर कधी पाहिलंही नाही, अशा माणसाला केवळ वाचून तो बग पुन्हा घडवता आला पाहिजे. हे सगळं कोणत्याही कोर्समध्ये शिकवतात.

कोर्समध्ये न शिकवलेली गोष्ट मला फार महागात पडून कळली. २०११ च्या अखेरीस मी एका विमा प्रणालीवर काम करत होते. टोकाच्या, अपवादाच्या तारखा तपासताना २९ फेब्रुवारी निवडली की एरर येते, हे मला सापडलं. मी रिपोर्टमध्ये लिहिलं: '२९ फेब्रुवारी निवडल्यास तारीख अवैध असा संदेश येतो.' पायऱ्या बरोबर, स्क्रीनशॉट बरोबर. वाचणाऱ्याला वाटलं, चार वर्षांतून एकदा येणारी तारीख, बघू नंतर. २९ फेब्रुवारी २०१२ उजाडला आणि शाखांमध्ये एकही नवी पॉलिसी निघेना. पॉलिसीची मुदत एक वर्षाची, आणि संगणक शोधत होता २९ फेब्रुवारी २०१३. नेमक्या त्याच दिवशी मायक्रोसॉफ्टची अझ्युर ही क्लाउड सेवाही अशाच कारणाने कोलमडली होती: एक वर्षाचं प्रमाणपत्र काढताना कोडने नुसता वर्षाचा आकडा एकाने वाढवला, आणि अस्तित्वात नसलेली तारीख तयार झाली.

माझा रिपोर्ट खोटा नव्हता. पण 'येत्या २९ फेब्रुवारीला दिवसभर एकही पॉलिसी काढता येणार नाही' असं मी लिहिलं असतं, तर तो कोणी बाजूला ठेवला नसता. तेव्हापासून प्रत्येक रिपोर्टमध्ये मी एक ओळ लिहितेच: याचा त्रास कोणाला होईल, आणि कधी.

सिव्हिरिटी आणि प्रायॉरिटी यांत फरक काय? मुलाखतीत हमखास विचारतात.

नुकसान किती गंभीर आहे ती सिव्हिरिटी, आणि दुरुस्ती किती तातडीची ती प्रायॉरिटी. सिव्हिरिटी टेस्टर सांगतो. प्रायॉरिटी बहुधा प्रॉडक्टची जबाबदारी असलेला माणूस ठरवतो. मुखपृष्ठावर कंपनीच्या नावाचं स्पेलिंग चुकलं, तर सिव्हिरिटी कमी आणि प्रायॉरिटी सर्वांत वर.

एवढं उत्तर मुलाखतीला पुरतं. खरं महत्त्व कळायला एक घटना सांगते. ऑक्टोबर २०१८ मध्ये विंडोज १० चं मोठं अपडेट आलं आणि काही लोकांच्या फाइल्सच पुसल्या गेल्या. मायक्रोसॉफ्टला ते काही दिवसांत थांबवावं लागलं. आधीच्या चाचणी-आवृत्त्या वापरणाऱ्या काही हौशी लोकांनी ही तक्रार केलेलीही होती. पण तक्रारी थोड्या होत्या, आणि अशा ठिकाणी जास्त मतं मिळालेली तक्रार वर दिसते. त्यानंतर कंपनीने तक्रारीच्या अर्जात नुकसान किती गंभीर आहे हे सांगायची सोय केली. एका माणसाचे दहा वर्षांचे फोटो गेले आणि दहा हजार लोकांना आयकॉनचा रंग आवडला नाही, तर मोजणीत आयकॉन जिंकतो. आकड्यात न दिसणारं गांभीर्य दाखवणं हे टेस्टरचं काम.

डेव्हलपरशी भांडणं होतात का?

मतभेद रोज होतात. 'माझ्या मशीनवर चालतंय', 'नॉट रिप्रोड्यूसिबल' (पुन्हा घडवता येत नाही), 'असंच डिझाइन आहे' ही तीन वाक्यं पहिल्याच महिन्यात ऐकायला मिळतील. रिपोर्टमध्ये माणसावर बोट ठेवू नका, वर्तनावर ठेवा. आणि शक्य असेल तिथे तिकीट (बगची नोंद) लिहिण्याआधी उठून त्याच्या जागेवर जा, दाखवा, मग लिहा. निम्मे वाद तिथेच मिटतात. माझ्या सगळ्यात चांगल्या सहकाऱ्यांत डेव्हलपरच जास्त आहेत. ते कोड देताना स्वतःहून सांगतात, 'ताई, हा भाग मला स्वतःलाच खात्रीचा वाटत नाही, इथे जास्त बघ.'

रिलीजला 'हो' टेस्टर म्हणतो का? नंतर काही बिघडलं तर दोष कोणाचा?

रिलीज करायचं की नाही हा धंद्याचा निर्णय असतो. तो घेणाऱ्याकडे खरी माहिती वेळेत पोचवणं ही आपली जबाबदारी. अडचण अशी, की बऱ्याच ठिकाणी टेस्टरकडून 'साइन-ऑफ'चा, म्हणजे 'तपासलं, पुढे जा' अशा संमतीचा, ईमेल मागतात, आणि त्या ईमेलमध्ये सगळं हिरवं असावं अशी सगळ्यांची इच्छा असते.

माझ्या तिसऱ्या वर्षी अशाच एका रात्री परताव्याचा भाग तपासायचा राहिला होता, कारण बँकेचं चाचणी-एन्व्हायर्नमेंट दोन दिवस बंद होतं. मॅनेजर म्हणाले, गेल्या रिलीजला तो भाग ठीक होता, पास टाका. मी टाकलं. परतावे अडकले, आणि पुढचा आठवडा आमच्या सपोर्टच्या मुलांनी लोकांची बोलणी खाल्ली. त्या मुलांसमोर मला मान वर करता आली नाही. पास आणि फेल यांच्या जोडीला तिसरा रकाना असतो: 'तपासलं नाही'. त्यापुढे कारण लिहायचं आणि धोका लिहायचा. त्यानंतर निर्णय घेणारा डोळे उघडे ठेवून निर्णय घेतो. असं लिहिल्याबद्दल पुढे मला दोनदा नाराजी सोसावी लागली. ती मी आजही सोसेन.

एक चाचणी राहून गेली तर असं किती बिघडणार?

४ जून १९९६ ला युरोपचं एरियन ५ हे रॉकेट पहिल्याच उड्डाणात साधारण ३७ सेकंदांत वाट चुकलं आणि नष्ट झालं. दिशा सांगणाऱ्या यंत्रणेतलं सॉफ्टवेअर एरियन ४ वरून जसंच्या तसं घेतलं होतं. ६४ बिटची एक संख्या १६ बिटांत बसवताना ती मावली नाही. एरियन ४ च्या वेगाला ती नेहमी मावत असे. नवं रॉकेट जास्त वेगाने आडवं सरकत होतं. चौकशीत दिसलं, की ही यंत्रणा एरियन ५ च्या प्रत्यक्ष उड्डाणमार्गाचे आकडे देऊन तपासलीच नव्हती. आणखी जिवाला लागणारी गोष्ट म्हणजे, ज्या गणितात ही चूक झाली त्याची उड्डाणानंतर गरजच नव्हती.

१ ऑगस्ट २०१२ ला नाइट कॅपिटल या अमेरिकी शेअर-दलाल कंपनीने पाऊण तासात ४४ कोटी डॉलरच्या आसपास गमावले. आठपैकी एका सर्व्हरवर नवं सॉफ्टवेअर चढवायचं राहिलं होतं आणि तिथे जुना, निवृत्त केलेला कोड जागा झाला.

आणि १९ जुलै २०२४ तुम्हाला आठवत असेलच. क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीच्या एका अपडेटने जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळ्या पडद्यावर अडकले. आपल्याकडे विमानतळांवर काही प्रवाशांच्या हाती पेनाने लिहिलेले बोर्डिंग पास पडले. कंपनीने नंतर दिलेलं कारण प्रत्येक टेस्टरने वाचावं असं आहे. नव्या साच्यात २१ रकाने अपेक्षित होते, कोड २० च पुरवत होता. चाचण्या झाल्या होत्या, पण त्या सगळ्यांत एकविसाव्या रकान्यात 'काहीही चालेल' असं चिन्ह होतं. त्यामुळे तो रकाना प्रत्यक्षात कधी वाचलाच गेला नाही. ज्या दिवशी तिथे खरी किंमत आली, त्या दिवशी संगणक पडले. चाचण्यांचा अहवाल हिरवा होता, आणि एकविसावा रकाना 'तपासलं नाही'मध्ये होता. तसं कोणी लिहिलं नव्हतं, कारण कोणाला दिसलंच नव्हतं. हेच अपडेट आधी थोड्या संगणकांवर आणि मग टप्प्याटप्प्याने दिलं असतं, तरी नुकसान तिथेच थांबलं असतं.

इंग्रजी साधारण आहे, मराठी माध्यमातून शिकलो. चालेल का?

रिपोर्ट लिहिण्यापुरतं साधं, स्वच्छ इंग्रजी लागेल, लहान वाक्यांचं. ते सहा महिन्यांत जमतं. पण हा प्रश्न मला नेहमी उलट बाजूने दिसतो. तुम्हाला मराठी येतं ही या कामातली भांडवलाची गोष्ट आहे, आणि ती आपल्यापैकी कोणी मांडत नाही.

'ज्ञानेश्वर' हे नाव डोळ्याला चार अक्षरांचं. युनिकोडमध्ये (जगातल्या लिप्यांच्या खुणांना क्रमांक देणारी पद्धत) ते दहा खुणांचं, आणि यूटीएफ-८ मध्ये (त्या खुणा साठवायची रीत) साठवताना तीस बाइटचं. नावाच्या रकान्याला पंचवीस बाइटची मर्यादा असेल तर नाव मध्येच तुटतं आणि शेवटी चौकोन दिसतो. इंग्रजीतला एसएमएस १६० अक्षरांचा, मराठीतला ७० खुणांचा; म्हणून मराठी ओटीपी संदेशाचे दोन-तीन तुकडे होतात, आणि मधला तुकडा उशिरा आला तर आकडे कुठले ते कळत नाही.

पुढचं उदाहरण माझं लाडकं आहे. 'वाऱ्यावर' या शब्दातला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो: नुक्त्याचा ऱ वापरून, किंवा साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडखूण वापरून. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, संगणकाला ते वेगळे शब्द. तसंच 'ॲ': एक अक्षर म्हणून, किंवा अ वर चंद्र देऊन. कोणी 'मोऱ्या' शोधतो आणि नोंद समोर असूनही 'काहीही सापडलं नाही' असं उत्तर येतं. हा बग बंगळुरात किंवा सिॲटलमध्ये बसलेल्या, मराठी न येणाऱ्या टेस्टरला कधीही सापडणार नाही. त्याचा यात दोष नाही.

नावं, पत्ते, तारखा तर खाणच आहेत. 'ओक' आडनाव देवनागरीत दोनच अक्षरांचं; 'किमान तीन अक्षरं हवीत' म्हणणारा अर्ज त्या माणसाला पुढे जाऊ देत नाही. 'मु. पो.' आणि 'गट नं. ११२/२अ' मधली तिरकी रेघ अनेक पत्त्यांचे रकाने नाकारतात. १२,३४,५६७ हा स्वल्पविराम आपला, परदेशी सॉफ्टवेअर तो १,२३४,५६७ करून टाकतं. आणि १ जून! शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून लिहिलेली एक आख्खी पिढी आपल्याकडे आहे. नाव आणि जन्मतारीख जुळली की 'हा तोच माणूस' असं धरणारी प्रणाली एकाच गावातल्या दोन तुकाराम पाटलांना एक करून टाकते. मी हे एका बैठकीत सांगितलं, तेव्हा डिझाइन करणाऱ्यांना विश्वास बसेना. माझ्या वडिलांची जन्मतारीख १ जूनच आहे.

हे किरकोळ वाटत असेल तर फेब्रुवारी २०१८ आठवा. तेलुगूतलं एक जोडाक्षर संदेशात आलं की आयफोनवरची ॲप्स बंद पडायची. ॲपलला त्यासाठी वेगळं अपडेट काढावं लागलं. कोट्यवधी लोकांची लिपी, आणि एवढ्या मोठ्या कंपनीच्या चाचण्यांतून ते अक्षर सुटलं. तुम्ही ज्या टीममध्ये जाल, तिथे आपल्या भाषेसाठी 'तपासलं नाही' हा रकाना आपोआप भरलेला असेल. तो तुम्हीच रिकामा करू शकता.

कोडिंग यायलाच हवं का?

मोठ्या कंपनीत, आता, हो. डेव्हलपरइतकं नाही, पण जावा, पायथन किंवा जावास्क्रिप्टपैकी एक भाषा, एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा), एपीआय (दोन सॉफ्टवेअर एकमेकांशी बोलतात तो दुवा) तपासणं आणि गिट (कोडमधले बदल जपून ठेवणारं साधन) एवढं हवंच. वेबच्या चाचण्या आपोआप चालवणारं सेलेनियम हे साधन अजून सर्वत्र आहे. ते २००४ मध्ये थॉटवर्क्स या सॉफ्टवेअर कंपनीत सुरू झालं. त्या वेळी मर्क्युरी नावाच्या कंपनीची साधनं जोरात होती, मर्क्युरी म्हणजे पारा, आणि पाऱ्याच्या विषबाधेवर सेलेनियम हा उतारा, अशा थट्टेतून ते नाव आलं. २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टने आणलेलं प्लेराइट हे तसंच साधन शिकायला सोपं आहे. नवीन सुरुवात करणाऱ्याला मी तेच सुचवते. वेगवेगळे फोन आणि ब्राउझर विकत न घेता त्यांवर तपासायची सोय देणारी ब्राउझरस्टॅक ही कंपनी २०११ मध्ये मुंबईत सुरू झाली आणि आज ती जगभर वापरली जाते.

हाताने तपासणं मात्र संपलेलं नाही. स्क्रिप्ट तेच बघते जे तिला बघायला सांगितलं. पैसे बरोबर गेले आणि पावतीवर दुसऱ्याचं नाव छापलं, तर नाव तपासायला न सांगितलेली स्क्रिप्ट हिरवीच राहते.

मोठ्या कंपन्यांनी टेस्टर काढून टाकले असं वाचलं. मग यात यावं का?

अर्धं खरं आहे. मायक्रोसॉफ्टमध्ये एके काळी डेव्हलपरच्या बरोबरीने टेस्ट इंजिनिअर असत. २०१४ च्या सुमारास तिथे अनेक विभागांत दोन्ही भूमिका एकत्र केल्या गेल्या: ज्याने कोड लिहायचा त्यानेच चाचण्याही लिहायच्या. गूगलमध्ये आधीपासून बराच भार डेव्हलपरवरच होता. तिथे २००६ पासून टेस्टिंगचे एकपानी धडे स्वच्छतागृहांच्या भिंतींवर लावले जात, म्हणजे वाचल्यावाचून सुटका नाही. मला ती कल्पना फार आवडते.

त्यामुळे 'टेस्ट केस (काय आणि कसं तपासायचं याच्या पायऱ्या) लिहून दिली, मी चालवली' एवढंच करणाऱ्याची जागा आक्रसली. बँका, विमा, वाहनं, वैद्यकीय उपकरणं, दूरसंचार इथे मात्र स्वतंत्र तपासणी टिकून आहे, कारण तिथली चूक दुरुस्त करायला 'पुढचं अपडेट' पुरत नाही. हिंजवडी, खराडी, मगरपट्टा आणि तिकडे ऐरोली, नागपूरचं मिहान इथे या क्षेत्रांची कामं आहेत.

आणि एआय?

टेस्ट केसची पहिली यादी आणि स्क्रिप्टचा पहिला खर्डा एआय मिनिटांत देतं. मी रोज वापरते. पण ते स्वतःच्या चुकीच्या चाचणीला तितक्याच विश्वासाने 'पास' म्हणतं, म्हणून त्याने लिहिलेली चाचणी मी आधी मुद्दाम फेल करून बघते. कोड बिघडवल्यावर चाचणी लाल होत नसेल तर ती चाचणीच नाही. दुसरीकडे एआयवर चालणारी उत्पादनं तपासायचं नवंच काम आलं आहे. तिथे एकाच प्रश्नाला दर वेळी वेगळं उत्तर मिळतं, त्यामुळे 'अपेक्षित निकाल' एका ओळीत लिहिता येत नाही. मराठीत विचारल्यावर ते काय बोलतं हे तपासायला माणसं हवी आहेत.

आयएसटीक्यूबीचं (टेस्टिंगची प्रमाणपत्रं देणारी आंतरराष्ट्रीय संस्था) प्रमाणपत्र घ्यावं का?

पहिल्या नोकरीला अर्ज निवडला जायला मदत होते, आणि सगळे वापरतात ते शब्द कळतात. पायाभूत परीक्षेत ४० प्रश्न, ६० मिनिटं, आणि उत्तीर्ण व्हायला २६ बरोबर. इंग्रजी मातृभाषा नसेल तर १५ मिनिटं जास्त मिळतात, ती मागून घ्या. अभ्यासक्रम त्यांच्या संकेतस्थळावर फुकट आहे. 'नोकरीची हमी' म्हणत मोठी फी घेणाऱ्या क्लासमध्ये घरच्यांचे पैसे घालू नका.

सेवा कंपनी की उत्पादन कंपनी?

सेवा कंपनीत भरती जास्त, सुरुवात सोपी, वेगवेगळे ग्राहक बघायला मिळतात. पण कोणता प्रोजेक्ट मिळेल हे आपल्या हाती नसतं, आणि प्रोजेक्ट संपला की बेंच, म्हणजे पुढचं काम मिळेपर्यंत नुसतं बसून राहणं. उत्पादन कंपनीत एकच गोष्ट वर्षानुवर्षं खोलवर कळते. मोठ्या कंपनीच्या इमारतीत बसून तिसऱ्याच कंपनीच्या पगारावर असणारे कंत्राटी टेस्टरही पुष्कळ आहेत. ऑफर लेटरवर कोणाचं नाव आहे, नोटीस पिरियड किती, विमा कोणाचा, हे सही करण्याआधी वाचा.

रात्री काम करावं लागतं का?

रिलीजच्या रात्री, हो. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याबरोबर काम असेल तर तिथलं घड्याळ उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे आणि हिवाळ्यात साडेदहा, म्हणून नोव्हेंबरपासून तोच कॉल तासभर उशिरा सरकतो. उशिरा सुटणाऱ्या मुलींना कंपनीने घरापर्यंत गाडी द्यायला हवी. मुलाखतीतच विचारा, विचारण्यात संकोच नको.

मुलांसाठी काही वर्षं घरी होते. परत येता येईल?

मी आले. साधनं बदललेली होती, ती चार महिन्यांत शिकले. एखादा ओपन सोर्स (ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो असा) प्रकल्प निवडून त्यात पाच-सहा नीट बग रिपोर्ट लिहा आणि मुलाखतीला तेच दाखवा. मराठी भाषांतर किंवा मराठी टायपिंग असलेला प्रकल्प निवडलात तर बग शोधायला फार लांब जावं लागणार नाही.

'हा पेन टेस्ट करा' असं मुलाखतीत विचारलं तर?

लगेच यादी सुरू करू नका. आधी विचारा: कोण वापरणार आहे, कशावर लिहिणार, किती दिवस टिकायला हवा? पहिलीतल्या मुलाचा पेन आणि मतदान केंद्रावर नोंदवहीत लिहायचा पेन वेगळ्या रीतीने तपासावे लागतात. मग तीन-चार महत्त्वाच्या चाचण्या सांगा, त्या का निवडल्या ते सांगा. आणि वेळ संपली की, 'पावसात भिजलेल्या कागदावर लिहून पाहायचं राहिलं' असं सांगायला विसरू नका.